घरातला चोर-अलार्म: सांभाळायचा कसा, बदलायचा कधी, काढायचा कसा (नेहमीचे प्रश्न)

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला घरोघरी अलार्म बसवायचं काम करतो, पण खरं सांगायचं तर नवीन बसवण्यापेक्षा दुसऱ्या कुणीतरी बसवून गेलेले दुरुस्त करण्यातच माझे जास्त दिवस जातात. दिवाळी नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपली की फोन येतात, "कडी-कोयंडा उचकटून आत शिरले, अलार्म होता पण वाजलाच नाही." जाऊन बघतो तर पॅनल जागेवर, हूटर जागेवर, सेन्सर जागेवर, आणि बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली किंवा सिमचा रिचार्ज संपलेला. मला याचं खूप वाईट वाटतं कारण यातलं जवळजवळ सगळं घरच्या माणसाला दहा मिनिटांत कळण्यासारखं असतं. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

आमच्या घरात जे बसवलंय त्यात नक्की काय काय असतं?

एक पॅनल, म्हणजे लोखंडी किंवा प्लास्टिकचा डबा, बहुतेक वेळा माळ्यावर नाहीतर कपाटाच्या आत. त्यात एक सर्किट, एक ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर आणि एक १२ व्होल्टची काळी बॅटरी. दाराजवळ की-पॅड. दार-खिडक्यांना मॅग्नेटचे सेन्सर, खोलीच्या कोपऱ्यात पीआयआर म्हणजे माणसाच्या अंगाची उष्णता हलली की पकडणारा सेन्सर. एक हूटर म्हणजे भोंगा आत, कधी एक बाहेर. आणि फोन लावण्यासाठी जीएसएम म्हणजे मोबाईलचं सिम, वायफाय किंवा जुन्या घरात लँडलाईनचा डायलर. प्रत्येक सेन्सर किंवा दोन-तीन सेन्सर मिळून एक झोन होतो, की-पॅडवर जो नंबर दिसतो तो हाच. कुठला झोन म्हणजे कुठली खोली हे एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा, आजच चिकटवा, कारण बसवणारा माणूस पुढे सापडेलच असं नाही.

दर महिन्याला मी स्वतः काय बघायचं?

पहिल्या रविवारी किंवा लक्षात राहील अशा कुठल्याही दिवशी, शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगून, अलार्म लावा म्हणजे आर्म करा, बाहेर पडा, दोन मिनिटं थांबा आणि दार उघडून आत या पण कोड टाकू नका. हूटर वाजला पाहिजे आणि तुमच्या मोबाईलवर कॉल किंवा मेसेज आला पाहिजे, दोन्ही. नुसता हूटर वाजला म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, घर बंद असताना तो फोनच तुमच्या कामाचा आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोलीतून करा, म्हणजे वर्षभरात सगळे झोन एकदा तरी तपासून होतात. बऱ्याच पॅनलमध्ये वॉक टेस्ट नावाचा मोड असतो, त्यात हूटर न वाजता प्रत्येक खोलीतून चालत गेलं की नुसता बीप येतो, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर तो वापरा.

सोबत पीआयआरची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ती काच नसून पातळ प्लास्टिकचं भिंग असतं, ओलं कापड किंवा कॉलीन नको. दिवाळीच्या साफसफाईत झाडूने कोळिष्टकं काढताना सेन्सरची मान वळते आणि तो छताकडे बघत बसतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आत शिरल्यावर आधी सेन्सरचा कोन बघतो.

बॅटरी किती वर्षांनी बदलायची? अजून लाईट दिसतोय की-पॅडवर.

की-पॅडवरचा लाईट घरातल्या विजेवर चालतो हो, त्यावरून बॅटरीचं काहीच कळत नाही. सगळ्यात जास्त घात इथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक घरांत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, छोट्या यूपीएसमध्ये असते तीच. कंपनी ३ ते ५ वर्षं म्हणते पण ते २५ अंश तापमान धरून. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे पॅनल असतं माळ्यावर, वर स्लॅब तापलेला, एप्रिल-मे मध्ये काय भट्टी होत असेल विचार करा. म्हणून मी सरळ अडीच ते तीन वर्षांनी बदलायला सांगतो, चालू असली तरी. किंमत साधारण हजाराच्या आसपास असते. नवीन बसवताना तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा.

मधल्या काळात तपासायचं असेल तर पॅनलचा वीजपुरवठा बंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. मल्टीमीटर असेल तर चांगली बॅटरी १२.५ च्या वर दाखवते. मग एक मिनिट हूटर वाजवा आणि वाजत असतानाच व्होल्टेज बघा. ११ च्या खाली घसरलं की ती बॅटरी गेली, नंतर आकडा परत वर आला तरी गेलीच. मीटर नसेल तर नुसता हूटरचा आवाज ऐका, रडका आणि बारीक यायला लागला तरी पुरेसं कळतं. बॅटरीची बाजू फुगलेली दिसली किंवा टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर टेस्टही करू नका, बदला. नवीन बॅटरी टाकूनही वर्षभरात मेली तर पॅनलचं चार्जिंग तपासून घ्या, ते १३.५ ते १३.८ व्होल्ट असायला हवं, १४.५ वगैरे येत असेल तर पॅनलच तिला शिजवतंय.

वायरलेस सेन्सरमधले सेल वेगळे. दाराच्या सेन्सरमध्ये बहुतेक बटणासारखा सीआर२०३२, पीआयआरमध्ये सीआर१२३ए, आणि रिमोटमध्ये छोटा १२ व्होल्टचा. एकाचा लो बॅटरी आला की सगळ्यांचे एकदम बदला, एकाच दिवशी टाकलेले असतात तर मागे-पुढे सगळेच जाणार. रिचार्जेबल सेल टाकू नका, व्होल्टेज जुळत नाही.

लाईट गेली की किंवा परत आली की हूटर वाजतो. गुरुवारी तर हमखास.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात त्यामुळे हा फोन मला गुरुवारीच येतो. बॅटरी मेलीये, दुसरं काही नाही. लाईट गेली की पॅनल पूर्ण बंद पडतं, आली की नव्याने चालू होतं आणि आधी आर्म असेल तर तसंच आर्म होऊन उठतं. पीआयआरला मात्र चालू झाल्यावर स्थिरावायला अर्धा ते एक मिनिट लागतं आणि तोवर त्याचा कॉन्टॅक्ट उघडा असतो, पॅनलला वाटतं कुणी शिरलं. लोक वैतागून अलार्म लावायचंच सोडून देतात. बॅटरी बदला, पंधरा मिनिटांचं काम आहे.

रात्री दीड-दोनला उगाच वाजतो, घरात तर कोणी नाही.

आधी की-पॅडवर किंवा ॲपमध्ये कुठला झोन वाजला ते बघा, हे न बघता कोड टाकून झोपलात तर सकाळी मलाही काही सांगता येणार नाही.

पीआयआरचा झोन असेल तर पहिला संशय पालीवर. पाल माणसाएवढी गरम नसते पण भिंगावरूनच चालत गेली तर सेन्सरच्या नजरेत ती भलीमोठी असते. पाल येते किड्यांसाठी, आणि किडे येतात सेन्सरच्या मागच्या वायरच्या भोकातून, त्यामुळे ते भोक सिलिकॉनने बंद करणं हाच खरा उपाय. आत कोळ्याने जाळं केलं असेल, मुंग्यांनी घर केलं असेल तर उघडून ब्रशने साफ करा, झुरळांचा स्प्रे भिंगावर मारू नका, ते धुरकट होतं आणि मग खरा माणूसही नीट दिसत नाही. त्यानंतर बघायचं म्हणजे पश्चिमेचं ऊन थेट सेन्सरवर येतं का, समोर पडदा आणि उघडी खिडकी आहे का, एसीची हवा थेट लागते का. गणपतीत मखराच्या झिरमिळ्या आणि समईसमोर सेन्सर असेल तर त्या दिवसांत तेवढा झोन बायपास करा म्हणजे तात्पुरता वगळा, पण विसर्जनानंतर बायपास काढायची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवा. एका काकूंच्या हॉलचा झोन गणपतीपासून संक्रांतीपर्यंत बायपास राहिला होता आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

दाराचा झोन असेल आणि महिना जुलै-ऑगस्ट असेल तर लाकडी दार फुगलंय. दार नीट बसत नाही, मॅग्नेट आणि सेन्सरमधलं अंतर वाढतं, जरा वारा आला की सुटतो. सुतार बोलवा किंवा मॅग्नेट सरकवून घ्या. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर साधा मॅग्नेट चालतच नाही, लोखंड त्याची ताकद खातं, तिथे जाड मेटलचा मोठा मॅग्नेट लागतो. खिडकीवर धक्का ओळखणारा किंवा काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर असेल तर दिवाळीत सुतळी बॉम्बने तो वाजणारच, तिथे सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू थोडा कमी करून ठेवतात.

यातलं काहीच नसेल आणि बंगला मोठा असेल तर वायरीचा विचार करा. बारीक वायर लांबवर ओढली की शेवटच्या सेन्सरपर्यंत व्होल्टेज पोचत नाही, बहुतेक पीआयआरना कमीत कमी ९ व्होल्ट लागतात, त्याखाली ते वेड्यासारखे वागतात.

आणि हूटर वाजायची वेळ तीन ते पाच मिनिटांवर सेट करून ठेवा. तासभर हूटर वाजला की सोसायटीत भांडण होतं आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी खरंच काही झालं तर कुणी खिडकी उघडून बघतसुद्धा नाही.

टेक्निशियन म्हणाला "रेझिस्टर उडालाय". हे काय असतं?

वायरच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर म्हणजे विजेला ठरावीक विरोध करणारा भाग लावतात, कुणाच्या पॅनलला १के म्हणजे हजार ओहमचा, कुणाला २.२के, ४.७के किंवा ५.६के. पॅनल सतत तेवढाच विरोध मोजत बसतं. वायर कुणी तोडली तर विरोध अनंत, दोन तारा जोडून शॉर्ट केल्या तर शून्य, दोन्ही वेळा त्याला कळतं. म्हणूनच तो वायरच्या शेवटी, सेन्सरच्या आत असला पाहिजे. घाईत काम करणारे सगळे रेझिस्टर पॅनलमध्येच लावून टाकतात कारण ते सोपं, आणि मग वायर शॉर्ट केली तर पॅनलला दार कायम बंदच दिसतं. पॅनल उघडलं असेल तेव्हा डोकावून बघा, टर्मिनलवर रंगीत पट्ट्यांचे छोटे रेझिस्टर ओळीने दिसले तर टेक्निशियनला सेन्सरकडे हलवायला सांगा. यावर मी फार आग्रही आहे.

अलार्ममधल्या सिमचं काय करायचं?

त्याला घरातला एक माणूस समजा आणि त्याचा रिचार्ज स्वतःच्या फोनसारखाच लक्षात ठेवा. ट्रायच्या म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमात ९० दिवस काहीच वापर नसेल आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी असतील तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि अलार्मचं सिम तर सहा-सहा महिने गप्पच असतं. महिन्याची टेस्ट केलीत तर वापरही होतो. डेटा न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय, तसा वर्षभराचा पॅक बघा, उगाच रोजच्या डेटाचे पैसे कशाला द्यायचे.

दुसरी गोष्ट, जुन्या पॅनलमध्ये २जीचंच मॉड्यूल असतं. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे पोर्ट करून जिओचं सिम टाकलं की अलार्म मुका होतो. मुलांनी घरातले सगळे नंबर एकदम पोर्ट केले आणि त्यात अलार्मचाही गेला, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. नवीन पॅनल घेताना नुसतं "४जी आहे" यावर जाऊ नका, ४जीवरून कॉल लागतो का म्हणजे व्होल्टी आहे का ते विचारा, नाहीतर डेटा ४जीवर आणि कॉलसाठी परत २जीच शोधत बसतं.

आमचा अलार्म लँडलाईनवर होता, आता फायबर आलंय.

तांब्याच्या जुन्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरातली लाईट गेली तरी फोन चालू. फायबरचा फोन घरातल्या डब्यावर चालतो, त्याची वीज गेली की फोन गेला, आणि चोराने बाहेरचा मेन स्विच पाडला की तेवढंच पुरतं. त्या डब्याला आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा किंवा इन्व्हर्टरवर घ्या, पण त्यापेक्षा सिमवाला डायलर जोडून घेतलेला बरा. जमलं तर वायफाय आणि सिम दोन्ही.

डायलरमध्ये ११२ टाकून ठेवू का?

नको. पालीने वाजवलेल्या अलार्मवर रेकॉर्ड केलेला आवाज पोलिसांच्या हेल्पलाईनला जाईल आणि तिथली एक लाईन अडेल, जी त्या वेळी कुणाला तरी खरंच हवी असेल. पहिला नंबर तुमचा, दुसरा जो शेजारी खरोखर उठून बघेल त्याचा, तिसरा सोसायटीच्या ऑफिसचा किंवा वॉचमनचा. खात्री झाली की माणसाने ११२ लावायचा.

कोड कुणाकुणाला द्यायचा?

प्रत्येकाला वेगळा. पॅनलमध्ये आठ-दहा तरी कोड मावतात. कामाच्या मावशींना त्यांचा स्वतःचा द्या, म्हणजे नोंदीत कुणी कधी उघडलं ते दिसतं आणि उद्या गरज पडली तर एकच कोड काढता येतो, शिवाय मावशींवरही विनाकारण संशय येत नाही, ही बाजू लोक विसरतात. १२३४ असेल तर आत्ता उठून बदला. की-पॅडची चार बटणं झिजून चकचकीत झाली असतील तर ते चार आकडे कुणालाही वाचता येतात, तेव्हाही बदला. आजी-आजोबा एकटे असतील तर कोड त्यांच्या सोयीचा ठेवा आणि पलंगाजवळ पॅनिक बटण द्या, ते बटण एकदा त्यांच्याकडून दाबून घ्या, नाहीतर वेळेला भीतीने दाबत नाहीत.

एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्यावं का?

बंगला किंवा दहापेक्षा जास्त सेन्सर असतील तर घ्या, दोन बीएचकेला वर दिलेली महिन्याची टेस्ट आणि वर्षातून एक व्हिजिट पुरते. सही करण्याआधी विचारा की वर्षातून किती व्हिजिट, बॅटरी धरलीये की वेगळी, आणि रिपोर्टमध्ये बॅटरीचं व्होल्टेज आणि प्रत्येक झोन तपासल्याची नोंद लिहून मिळणार का. नुसतं "सिस्टीम ओके" लिहून सही घेणाऱ्याला पैसे देऊ नका. माझ्या स्वतःच्या मामांच्या घरी दोन वर्षं असं "ओके" लिहून गेले होते आणि बाहेरच्या हूटरची वायर उंदराने खाल्लेली होती.

बारा वर्षांपूर्वीचा अलार्म आहे. अपग्रेड करू की सगळंच नवीन घेऊ?

सगळं काढून टाकायची घाई करू नका, विकणारे तेच सांगतील. भिंतीतली वायर ही तुमची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. आज फर्निचर आणि पीओपी झालेल्या घरात तशी वायर टाकायला गेलात तर अलार्मपेक्षा फोडाफोडीचा खर्च जास्त होईल. मॅग्नेटचे सेन्सर कुठल्याही पॅनलला चालतात, त्यात साधा स्विच असतो, तो जुना होत नाही. वायरचे पीआयआरही बहुतेक कुठल्याही पॅनलला जोडता येतात, फक्त दहा वर्षांपुढचे असतील तर बदलून घ्या, आतला संवेदक मंद होतो आणि भिंग पिवळं पडतं. बदलायचं ते पॅनल आणि डायलर. वायरचेही आणि वायरलेसही सेन्सर घेणारं पॅनल मिळतं त्याला हायब्रिड म्हणतात, जुने सेन्सर वायरवर ठेवून नवीन बाल्कनी किंवा वाढवलेली खोली वायरलेसवर घेता येते. बदलण्याआधी प्रत्येक वायरला झोन नंबरचं लेबल आणि जुन्या जोडणीचा फोटो, हे केल्याशिवाय एकही स्क्रू काढू देऊ नका. नवीन पॅनलला रेझिस्टरची किंमत वेगळी लागते, ते सगळे बदलावे लागतात, त्याची मजुरी आधीच ठरवा.

घरात मांजर किंवा कुत्रा आला असेल तर पेट-इम्यून पीआयआर असतो, बऱ्याच मॉडेलवर २५ किलोपर्यंत असं लिहिलेलं असतं, पण ते जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यापुरतंच. मांजर कपाटावर चढली की वाजणार. अंगणात, पार्किंगमध्ये किंवा गॅलरीत जिथे हवा-ऊन-पक्षी सगळंच आहे तिथे पीआयआर आणि रेडिओ लहरींनी हालचाल पकडणारा मायक्रोवेव्ह, दोन्ही असलेला ड्युअल सेन्सर घ्या, दोघांनीही हो म्हटलं तरच तो वाजतो.

ऑनलाईन स्वस्तात वायरलेस किट मिळतं, घेऊ का?

भाड्याच्या घराला, हॉस्टेलवजा फ्लॅटला नाहीच्यापेक्षा बरं. पण त्यातले बरेचसे ४३३ मेगाहर्ट्झवर एकच ठरलेला कोड पाठवतात, तो हवेतून पकडून परत वाजवता येतो, म्हणजे तुमच्या रिमोटच्या डिसार्मची, म्हणजे अलार्म बंद करायच्या सिग्नलचीही, कुणी नक्कल करू शकतं. शिवाय सेन्सर एकदा ओरडून गप्प बसतो, पॅनलने ऐकलं की नाही त्याला कळत नाही, आणि सेन्सरचा सेल संपला तरी पॅनलला पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारा, कोड बदलत राहणारा, आणि सेन्सर हरवला तर सांगणारा असेल तर वायरलेसला माझी काहीच हरकत नाही. आरसीसीच्या भिंती आणि लोखंडी ग्रील यामुळे सिग्नल पडतो, त्यामुळे चिकटवायच्या आधी सेन्सर हातात धरून प्रत्येक जागेवरून टेस्ट करा, दार बंद करून. आणि ॲपवर चालणारी वस्तू असेल तर इंटरनेट बंद असताना हूटर वाजतो का ते दुकानदाराला विचारा. एका कंपनीने सर्व्हर बंद केला आणि माझ्या तीन ग्राहकांचे चांगले चालू असलेले पॅनल एका दिवसात बिनकामाचे झाले, तेव्हापासून हा प्रश्न मी पहिला विचारतो.

कॅमेरे आहेत की, मग अलार्म कशाला?

कॅमेरा झालेलं दाखवतो, अलार्म होत असताना थांबवायला बघतो. रुमालाने तोंड बांधलेल्या माणसाचं फुटेज माझ्याकडे लोक आणून दाखवतात आणि त्यातून फार काही निघत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दाराला मॅग्नेट, हॉलमध्ये एक पीआयआर आणि जोरदार हूटर एवढं आधी करा.

कोकणात गावचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, तिथे काय चालेल?

तिथे वेगळाच विचार करावा लागतो. पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते, खारी हवा टर्मिनल खाते, उंदीर वायर खातात आणि पालींचं तर विचारूच नका. खोल्यांत पीआयआर कमी, दार-खिडक्यांना मॅग्नेट जास्त. टर्मिनलला व्हॅसलीन किंवा ग्रीस. ७ एएचच्या जागी मोठी बॅटरी टाकायची असेल तर आधी पॅनलचा चार्जर तेवढी चार्ज करू शकतो का बघा, नाहीतर ती कधीच पूर्ण भरत नाही. वळिवात विजा पडतात त्यामुळे अर्थिंग नीट आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच. डायलरमध्ये पहिला नंबर मुंबईतल्या तुमचा नाही तर वाडीतल्या शेजाऱ्यांचा टाका, त्यांच्याकडे किल्ली आणि कोड ठेवा, आणि कुठलं नेटवर्क तिथे खरंच येतं ते त्यांनाच विचारून सिम घ्या. गणपती, शिमगा आणि मे महिना, तुम्ही जाता तेव्हा तीनदा पूर्ण टेस्ट होते, तेवढी चुकवू नका.

आम्ही परदेशात राहतो, तिथलाही अलार्म आहे.

मुख्य गोष्ट तिथेही तीच, जुनं नेटवर्क बंद पडतंय. अमेरिकेत एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं तेव्हा त्यावरचे पॅनल मुके झाले, ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद झालं, आणि ब्रिटनमध्ये जुनी तांब्याची टेलिफोन लाईन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. तुमचा पॅनल कशावर बोलतो ते कंपनीला लेखी विचारा. अमेरिकेत बऱ्याच शहरांत अलार्मचं परमिट लागतं आणि खोट्या अलार्मला दंड असतो, घर बदललं की परमिटही बदला.

इन्शुरन्समध्ये चोरी धरलेली असते ना?

पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी भारत गृह रक्षा ही ठरावीक पॉलिसी आली, ती मुळात आग, भूकंप, पूर अशा गोष्टींसाठी आहे. चोरी त्यात धरतात ती अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांतली. साध्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेताना फॉर्मवर अलार्म आहे असं लिहिलं असेल तर तो चालू ठेवणं तुमच्यावर येतं, बॅटरीचं बिल आणि सर्व्हिस रिपोर्ट जपून ठेवा.

फ्लॅट विकतोय / अलार्म कायमचा काढायचाय. वायर कापली की झालं ना?

नाही, तसं करू नका. वायर कापणारा माणूस आणि चोर यातला फरक पॅनलला कळत नाही, डबा उघडला तरी आतला टॅम्पर स्विच वाजवतो. एका सोसायटीत रंगाऱ्याने बाहेरच्या हूटरची वायर कापली आणि तो हूटर थांबेचना, कारण काही बाहेरच्या हूटरमध्ये स्वतःची बॅटरी असते आणि पॅनलकडून येणारी वीज तुटली की तो स्वतःहून ओरडतो, ते त्याचं कामच आहे. शिडीवर चढून तो उघडून बॅटरी काढेपर्यंत सगळी गल्ली जमा झाली होती.

आधी शेजारी, वॉचमन आणि बाहेरची कंपनी अलार्मवर लक्ष ठेवत (मॉनिटरिंग) असेल तर तिला सांगा. अलार्म डिसार्म करून इन्स्टॉलर कोडने, म्हणजे बसवणाऱ्याच्या वेगळ्या कोडने, प्रोग्रामिंग मोडमध्ये जा, त्या मोडमध्ये टॅम्पर वाजत नाही. तिथेच फॅक्टरी रीसेट करा म्हणजे फोन नंबर आणि कोड पुसले जातात. आता मेन बोर्डवरचा त्याचा एमसीबी पाडा, डबा उघडून बॅटरीची काळी वायर आधी आणि लाल नंतर काढा, दोन्ही टोकांना लगेच टेप लावा, ७ एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लालबुंद होते. मग लगेच बाहेरचा हूटर, कानात कापूस घालूनच. सेन्सर सगळ्यात शेवटी. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनलाच द्या.

ॲपमधून डिव्हाइस स्वतःच्या अकाउंटवरून काढायला विसरू नका. तसंच राहिलं तर नव्या मालकाला जोडता येत नाही आणि त्यांच्या घराचे नोटिफिकेशन तुम्हाला येत राहतात, दोघांच्याही दृष्टीने ते बरोबर नाही. सिम काढा, तो नंबर कुठल्या बँकेला किंवा आधारला जोडलेला नाही ना बघा आणि मगच बंद करा. फ्लॅट अलार्मसकट देत असाल तर इन्स्टॉलर कोड, झोनचा कागद आणि बॅटरीची तारीख नव्या मालकांच्या हातात द्या आणि तुमच्या समोर त्यांना सगळे कोड बदलायला सांगा.

इन्स्टॉलर कोड माहीतच नाही आणि बसवणारा फोन उचलत नाही.

पॅनलच्या आत मॉडेल नंबर असतो. बऱ्याच पॅनलना वीज आणि बॅटरी काढून बोर्डवरचे दोन पिन जोडून परत चालू केलं की कोड मूळचा होतो, पद्धत त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते. काहींमध्ये बसवणाऱ्याने हे मुद्दाम लॉक केलेलं असतं, तिथे बोर्ड बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून नवीन बसवताना शेवटचा हप्ता देण्याआधी इन्स्टॉलर कोड लिहून घ्या. पॅनल तुमच्या पैशाचं आहे, कोडही तुमचाच.

जुनी बॅटरी आणि डबे कुठे टाकायचे?

कचऱ्याच्या गाडीत अजिबात नको. बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं, उघड्यावर फोडणारी माणसं ते हाताने हाताळतात, त्यांच्या लेकरांच्या अंगात ते जातं. नवीन बॅटरी घेताना दुकानदार जुनी वजनावर घेतो, थोडे पैसेही सुटतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकलीये. पॅनल, की-पॅड, सेन्सर हा ई-कचरा, त्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या रिसायकलरकडे किंवा सोसायटीत ई-कचरा गोळा करायला येतात तेव्हा द्या. लिथियमच्या सेलच्या टोकांना टेप लावून वेगळ्या पिशवीत.

भिंतीतल्या वायरी काढून टाकू?

राहू द्या. टोकं वेगवेगळी टेप करा, लेबल लावा, बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवा. पुढे कुणाला अलार्म, डोअर फोन किंवा कॅमेरा लावायचा झाला तर त्याच वायरीने नवी ओढता येते. फक्त त्यांना कुठेही वीज जोडलेली राहिली नाही एवढं मीटरने बघून घ्या.

बाहेरचा हूटरचा रिकामा डबा तसाच ठेवला तर चोर घाबरेल ना?

नुसता बघणारा कदाचित पुढच्या घराकडे जाईल, पण ऊन-पावसाने फिका पडलेला, एकही दिवा न लुकलुकणारा डबा रेकी करणाऱ्याला लगेच कळतो. ठेवायचाच असेल तर आतली बॅटरी आधी काढा, ती तिथे गळून भिंतीवर ॲसिड उतरतं. मी तर तो काढून भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायला सांगतो, पावसाचं पाणी त्याच भोकातून आत झिरपतं.